पुण्यात चालेल का?

घरी बसून वकील होता येतं हे मला इंग्लंडला आल्यावर बऱ्याच वर्षांनी कळलं, आणि ऐकल्यावर मी आधी हसले. आमच्या पुण्यात घरी बसून परीक्षा देणं म्हणजे ‘बाहेरून बसणं’. नापास झालेली मुलं बाहेरून बसतात, लग्न ठरलेल्या मुली बाहेरून बसतात, आणि पाहुण्यांनी विचारलंच तर घरचे लोक आवाज खाली आणून सांगतात. इथे मात्र चांगली नावाजलेली विद्यापीठं कायद्याची पुस्तकं पोस्टानं घरी पाठवत होती, आणि ती वाचून पास झालेली माणसं पुढे खरीखुरी वकिली करत होती. मला ते खरंच वाटेना.

हे मला नवऱ्यानं सांगितलं. दोन हजार चारचा सुमार असेल. आम्ही लंडनच्या टोकाला स्टॅनमोरला राहत होतो, तो रोज ट्यूबनं, म्हणजे भुयारी रेल्वेनं, मध्य लंडनमध्ये सॉफ्टवेअरच्या कामाला जायचा, मुलगी नुकतीच शाळेत जायला लागली होती. माझी पुण्यात एलएलबीची दोन वर्षं झाली होती. तिसरं राहिलं, कारण मध्ये लग्न झालं आणि ह्याला कंपनीनं इकडे पाठवलं. थोड्या दिवसांचा प्रश्न आहे, असं तेव्हा सगळेच म्हणाले. शिवाजीनगर कोर्टात मी ज्या वकीलबाईंच्या हाताखाली फायली उचलायला जायचे, त्याही म्हणाल्या, “जाऊन ये, तुझी खुर्ची इथेच आहे.” त्या खुर्चीवर माझा जीव होता. माझ्या भांडखोरपणाबद्दल माहेरी आणि सासरी एकमत आहे, आणि त्या गुणाचा जगात काही सदुपयोग असलाच तर तो शिवाजीनगर कोर्टातच आहे, अशी माझी पक्की समजूत होती.

तर नवरा एके दिवशी संध्याकाळी घरी आला आणि बॅगेतून एका विद्यापीठाचं माहितीपत्रक काढून त्यानं माझ्यासमोर ठेवलं. “डिस्टन्स लर्निंगनं एलएलबी. तू का नाही करत?” मी त्याच्याकडे बघतच राहिले. हा माणूस स्वतःचे मोजे स्वतः शोधू शकत नाही. दूध संपलं तर रिकामी बाटली परत फ्रीजमध्ये ठेवतो. पण त्यानंतर त्यानं लंच ब्रेकमध्ये विद्यापीठांना फोन केले, माहितीपत्रकं मागवली, ट्यूबमध्ये बसून ती वाचली आणि महत्त्वाच्या ओळींखाली पेन्सिलीनं रेघा मारल्या. कुठे शिकवणाऱ्यांशी फोनवर बोलता येतं, कुठे शनिवार-रविवारचे वर्ग असतात, कुठल्या पदवीनंतर इथे सॉलिसिटर होण्याच्या पुढच्या शिक्षणाला जाता येतं, हे त्याला माझ्यापेक्षा जास्त पाठ झालं. मी अगदी भारावून गेले. असा नवरा मिळायला नशीब लागतं असं मला वाटलं, आणि मनात आलेलं मनात ठेवायची मला सवय नसल्यामुळे ते मी सगळ्यांना सांगितलं.

सगळ्यांना म्हणजे आमच्या मंडळींना. महिन्यातून एकदा आम्ही काही मराठी कुटुंबं कुणाच्या तरी घरी जेवायला जमायचो. त्यातली एक माझी खास मैत्रीण होती. ती नागपूरची, नवरा इथल्या हॉस्पिटलात डॉक्टर. नागपूरला परत जाऊन त्यांना स्वतःचं हॉस्पिटल काढायचं होतं, आणि तिनं त्या न बांधलेल्या हॉस्पिटलच्या वेटिंग रूमचे पडदेसुद्धा ठरवून ठेवले होते. परत तर आम्ही सगळेच जाणार होतो. कुणी मुलं पाचवीत जायच्या आत, कुणी आईवडील थकायच्या आत, कुणी हातात इथला पासपोर्ट पडला की दुसऱ्या दिवशी. परत जायचं बोलणं आमच्याकडे वरणभातासारखं होतं, ते झाल्याशिवाय जेवण झालंसं वाटायचं नाही. म्हणून मी विद्यापीठ शोधतेय म्हटल्यावर सगळ्यांनी एकच प्रश्न विचारला, “पण तिकडे चालेल का?”

माझाही प्रश्न तोच होता. मला बाकी काही नको होतं. जी पदवी पुण्यात चालेल ती मला हवी होती. पण माहितीपत्रकांत त्याबद्दल एक अक्षर नव्हतं. नवऱ्याला विचारलं की तो म्हणायचा, “बघू. आधी युनिव्हर्सिटी तर फायनल कर.” हे त्याचं ‘बघू’ मला लग्न झाल्यापासून माहीत होतं. त्याचा अर्थ ‘हो’ असतो असं मी धरून चालले होते.

शेवटी एका विद्यापीठावर आम्ही दोघं येऊन थांबलो. त्यांचे शनिवार-रविवारचे वर्ग ब्रिस्टलला भरायचे आणि तिथेच त्यांचा ओपन डे, म्हणजे नवीन लोकांना बघायला बोलावतात तो दिवस, होता. मुलीला नागपूरकर मैत्रिणीकडे सोडून आम्ही सकाळीच गाडी काढली. वाटेत नवऱ्यानं माझ्यासाठी फ्लास्कमध्ये चहा करून घेतलाय हे मला कळलं. चहात साखर विसरला होता, पण मी काही बोलले नाही, यावरून मी किती खूश होते ते समजावं.

ब्रिस्टलला एका सभागृहात आम्हाला बसवलं. पन्नाशीतली, केस आखूड कापलेली एक बाई शिकवायला उभी राहिली. तिनं नमुन्यादाखल एक प्रश्न घातला. शेजाऱ्याच्या सफरचंदाच्या झाडाची फांदी तुमच्या बागेत आली आहे. ती तुम्हाला कापता येईल का? आणि कापली तर तिच्यावरची सफरचंदं कुणाची? माझ्या टेबलावर तीन इंग्लिश माणसं होती. ती फारच सभ्य होती. शेजाऱ्याला आधी विचारावं, त्याला त्याच सफरचंदांचा एक ॲपल पाय भाजून द्यावा, असं त्यांचं चाललं होतं. मला राहवेना. मी आधी फांदी कापणाऱ्याच्या बाजूनं बोलले, मग म्हटलं आता झाडवाल्याची बाजू कोण घेणार, म्हणून तीही मीच घेतली. फांदी कापा, पण फळं ज्याची त्याला परत करा, असं मी ठणकावून सांगितलं तेव्हा टेबलावर शांतता पसरली. ती बाई माझ्यामागे येऊन उभी होती. ती म्हणाली, “उत्तर बरोबर आहे. तुम्ही हे आधी केलेलं दिसतंय.” किती वर्षांत मला असं कुणी काही म्हटलं नव्हतं. माझे डोळे भरून आले, आणि ते लपवायला मी बिस्किटांच्या बशीत डोकं घातलं.

निघताना मी तिला गाठून माझा प्रश्न विचारला. ही पदवी भारतात चालेल का? ती प्रामाणिक बाई होती. म्हणाली, “मला खरंच माहीत नाही, तुम्ही तिकडेच चौकशी करा. पण तुम्हाला प्रॅक्टिस नक्की कुठे करायची आहे?”

मी तोंड उघडायच्या आत नवरा म्हणाला, “हिअर, ऑफ कोर्स.”

गाडीत बसल्यावर मी त्याला धारेवर धरलं. “‘हिअर’ काय? शिवाजीनगर काय ब्रिस्टलमध्ये आहे?”

“अगं, तिला पुणं-बिणं कुठे एक्स्प्लेन करत बसणार? पार्किंग संपत आलं होतं.”

पार्किंगसाठी भरलेली वेळ खरंच संपत आली होती. मी रस्ताभर सफरचंदांचा विचार करत राहिले.

दुसऱ्या दिवशी मी वकीलबाईंना फोन लावला. तेव्हा कॉलिंग कार्डवरचा लांबलचक नंबर दाबून फोन करावा लागायचा, आणि मधेच एक बाई तुमची किती मिनिटं उरली ते सांगायची. वकीलबाईंनी माझं सगळं शांतपणे ऐकलं. मग म्हणाल्या, “पोस्टानं केलेल्या कायद्याच्या पदवीवर इथे सनद मिळत नाही.”

“पण मॅडम, ही युनिव्हर्सिटी फार चांगली आहे. इथे त्यावर सॉलिसिटर होता येतं.”

“होत असेल. तू राणीच्या राजवाड्यात नाव घाल, घरी बसून केलेलं इथे चालत नाही. वर्गात बसावं लागतं. त्यापेक्षा लवकर ये आणि तिसरं वर्ष इथेच पूर्ण कर. कधी येताय परत?”

मी म्हटलं, “लवकरच.” फोन ठेवला आणि तशीच जिन्याच्या पायरीवर बसले. मला हादराच बसला होता. एवढी माहितीपत्रकं, एवढ्या रेघा, ब्रिस्टलची वारी, सगळं पाण्यात. सनद नाही म्हणजे काळा कोट नाही, काळा कोट नाही म्हणजे कोर्टात मी अजूनही फायली उचलणारी. मी बऱ्यापैकी रडले आणि मग माझा निर्णय झाला. इथे काहीच करायचं नाही. परत जायचं आणि पुण्यात, वर्गात, वीस वर्षांच्या पोरांशेजारी बसून तिसरं वर्ष करायचं.

नवऱ्याला हे सांगितलं तेव्हा त्याचा चेहरा उतरला. इतका उतरला की मलाच त्याची दया आली. तो म्हणाला, “असं एकदम सोडू नकोस. बी प्रॅक्टिकल. तुला ब्रिस्टल किती आवडलं होतं! तिथे तू वेगळीच दिसत होतीस.” एरवी माझ्यापुढे पहिल्या वाक्यातच माघार घेणारा माणूस त्या दिवशी हटेना. जेवणाच्या टेबलावर, भांडी घासताना, मुलीला झोपवून खाली आल्यावर, तो त्याच विषयावर. माझ्या शिक्षणासाठी हा इतका तळमळतोय हे बघून मला गहिवरून आलं. आता आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटते.

त्यानंतरच्या रविवारी सकाळी तो मुलीला पोहायला घेऊन गेला आणि मी सासूबाईंना फोन केला. दर रविवारी करायचे. त्या कोथरूडला राहतात. त्याच सोसायटीत वरच्या मजल्यावर आमचाही फ्लॅट होता, बंद करून ठेवलेला, आमच्या परत येण्याची वाट बघत. सासूबाई आठवड्यातून एकदा वर जाऊन खिडक्या उघडून यायच्या.

“काय गं, झालं का तुझं कॉलेज नक्की?” त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला. मला जरा नवल वाटलं. माझ्या कॉलेजबद्दल त्यांच्याशी मी कधी बोलले नव्हते. ह्यानं सांगितलं असेल असं म्हणून मी सोडून दिलं.

“नाही हो आई. तो विचार रद्द. इथली पोस्टाची डिग्री आपल्याकडे चालत नाही म्हणे. आता परत आल्यावर पुण्यातच तिसरं वर्ष करीन.”

पलीकडे काहीच आवाज नाही. मला वाटलं कार्ड संपलं.

“आई? हॅलो?”

“अगं,” त्या सावकाश म्हणाल्या, “पण तुम्ही परत कुठे येताय?”

मी म्हटलं, “म्हणजे?”

“म्हणजे... मागे तो एकटा आला होता ना, दिवाळीला, तेव्हाच म्हणाला की, आई, आम्ही आता तिकडेच राहणार. फ्लॅट भाड्यानं दे. मी चार दिवस रडले, मग म्हटलं, ठीक आहे, तुमचा संसार तुम्हाला. त्यानं तुला अजून सांगितलं नाही? मला म्हणाला होता, तिला एवढ्यात काही बोलू नकोस. ती तिकडे कॉलेजला लागली की रमेल, मग मी सांगतो. मला वाटलं, आता कॉलेजचं चाललंय म्हणजे सांगितलं असेल.”

मी भिंतीला टेकले. “भाड्यानं?” एवढंच मी म्हटलं.

सासूबाई बिचाऱ्या घाबरल्या. काहीतरी बोलायचं म्हणून म्हणाल्या, “भाडेकरू पुढच्या महिन्यात येतोय. तुझी ती कायद्याची जाडजूड पुस्तकं मी खाली माझ्याकडे आणून ठेवली आहेत हो. रद्दीत नाही घातली.”

मी “बरं केलंत आई” म्हटलं. त्यांच्यावर मी कशाला चिडू? त्या निदान रडून मोकळ्या झाल्या होत्या. त्यांना रडायला तरी दिलं होतं.

फोन ठेवल्यावर मी स्वयंपाकघरात गेले आणि कारण नसताना ओटा पुसला. दिवाळीपासून! दिवाळीनंतर आम्ही मंडळींकडे किती वेळा जेवलो, किती वेळा ‘पुण्याला गेल्यावर’ असं मी म्हटलं, आणि हा शेजारी बसून पापड मोडत होता. माझ्या सासूबाईंना माहीत, सोसायटीच्या वॉचमनला माहीत असणार, कोणा भाडेकरूला माहीत, आणि मी कुठे राहणार हे फक्त मला माहीत नव्हतं.

ते दोघं ओल्या केसांनी घरी आले. मुलीला मी वर कपडे बदलायला पाठवलं. नवऱ्याला म्हटलं, “आईंचा फोन झाला. फ्लॅटला भाडेकरू मिळाला.”

तो टॉवेल हातात घेऊन तसाच उभा राहिला. मग खुर्चीवर बसला. “मी सांगणार होतो.”

“कधी?”

“तू एकदा एन्‌रोल केलंस की.”

हे ऐकून मला दुसरा धक्का बसला आणि तो पहिल्यापेक्षा मोठा होता. “म्हणजे ते फोन, त्या पेन्सिलीच्या रेघा, ब्रिस्टल, फ्लास्कमधला चहा... हे सगळं मला इथे अडकवायला?”

“अडकवायला काय गं. तुला इथे स्वतःचं काहीतरी मिळालं असतं तर तू सेटल झाली असतीस. मला वाटलं, मग ते सांगणं सोपं जाईल.” तो ओल्या टॉवेलची घडी घालायला लागला. “मला तिकडे जमत नाही आता. आपण सुट्टीला जातो ना, तिथे पोचलं की मी परतीची वाट बघायला लागतो. मला माझंच कळत नव्हतं, तुला काय सांगू? तू भांडली असतीस.”

“मग? नवऱ्याशी भांडायचं नाही तर काय सफरचंदांवरून भांडायचं? आईंना सांगायची हिंमत झाली तुझी!”

“आईनं विचारलं. ती म्हणाली, खरं सांग, येणार आहात का.”

“आणि मी? मी रोज विचारत होते!”

“नाही गं,” तो खाली बघत म्हणाला, “तू कधीच नाही विचारलंस. तू सांगायचीस. ‘पुण्याला गेल्यावर’ इथूनच तुझं वाक्य सुरू व्हायचं.”

जिन्यावर मुलगी येऊन उभी होती. “मम्मी, का ओरडते? डॅडीनी काय केली?” मी तिला म्हटलं, “काही नाही, डॅडीनं माझं कॉलेज शोधलं.”

पुढचे कित्येक दिवस मी त्याच्याशी कामापुरतं बोलले. मला राग होता, आणि रागाच्या खाली भीती होती. हा माणूस माझ्यावर प्रेम करतो यात मला तेव्हाही शंका नव्हती, आणि त्यानंच माझ्याशी असं केलं, हे मला कुठेच बसवता येत नव्हतं. सगळ्यात वाईट म्हणजे ब्रिस्टल मला खरंच आवडलं होतं. माहितीपत्रकं उचलून रद्दीत टाकायला गेले की मला ती आखूड केसांची बाई आठवायची, आणि टेबलावरची ती शांतता. ती तर ह्यानं ठरवून आणलेली नव्हती. ती मी मिळवलेली होती. त्याच्या लबाडीपायी मी ती का सोडायची? शेवटी मी त्याच विद्यापीठात नाव घातलं. त्याला नंतर सांगितलं. तो आनंदानं उठला तेव्हा मी हात वर करून त्याला जागेवर बसवलं. “तुझ्यासाठी नाही,” म्हटलं.

त्यानंतरचं मंडळींचं जेवण नागपूरकर मैत्रिणीकडे होतं. पानं वाढली आणि नेहमीप्रमाणे परत जाण्याचं बोलणं निघालं. कुणीतरी मला विचारलं, “मग वकिलीणबाई, पुण्याला कधी?”

नवरा म्हणाला, “बघू.”

मी म्हटलं, “आम्ही नाही जाणार. आम्ही इथेच राहणार आहोत.”

मग एक जण “असं कसं, असं कसं” म्हणाला, दुसऱ्यानं आमटी मागितली, आणि पुरुषमंडळी घाईघाईनं क्रिकेटवर घसरली. बायकांमध्ये मात्र जी ती आपापल्या नवऱ्याकडे बघत होती आणि नवरे आमटीकडे बघत होते.

मी ताटं उचलून आत नेली. मैत्रीण माझ्यामागून आली. मला वाटलं ती आता विचारेल, असं काय झालं, का नाही जाणार, तिकडे काय कमी आहे. पण तिनं स्वयंपाकघराचं दार लोटून घेतलं, नळ मोठा सोडला आणि अगदी हळू आवाजात विचारलं, “तुला कोणी सांगितलं?”

“सासूबाईंनी.”

ती नळाखाली एकच पेला धुवत राहिली. बाहेरच्या खोलीतून तिच्या नवऱ्याच्या हसण्याचा आवाज येत होता.

“माझ्या सासूबाई तर गेल्या गं,” ती म्हणाली. “मी आता कोणाला विचारू?”